साहेबांनी ‘आदेश दिले’, म्हणजे नेमकं काय झालं?

जून २०१७. पुणतांब्यातून सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप राज्यभर पसरला होता. ११ जूनला मंत्रिगट आणि शेतकरी नेते यांची बैठक झाली आणि संध्याकाळी टीव्हीवर कर्जमाफीची बातमी आली. त्याच रात्री बार्शी तालुक्यातल्या माझ्या मामांचा फोन आला. “अरं, सरसकट म्हणत्यात, तत्त्वतः म्हणत्यात, अन् निकषासहित बी म्हणत्यात. मग माझं व्हतंय का न्हाई, तेवढं सांग.”

मला सांगता आलं नाही. तीनही शब्द मराठी होते, ओळखीचे होते, पण एका वाक्यात आल्यावर त्यांचा अर्थ लागेना. ‘सरसकट’ म्हणजे सगळ्यांचं. ‘निकषासहित’ म्हणजे काहींचंच. आणि ‘तत्त्वतः’ म्हणजे अजून कुणाचंच नाही.

तेव्हापासून मी राजकीय बातम्यांमधली क्रियापदं नीट वाचायला लागलो. ‘आश्वासन दिले’, ‘निर्देश दिले’, ‘तत्त्वतः मान्यता दिली’, ‘मंजुरी दिली’, ‘निर्णय जारी झाला’, ‘निधी वितरित झाला’. आपण हे सगळं ‘सरकारनं निर्णय घेतला’ एवढ्या एका वाक्यात गुंडाळून टाकतो. खरं तर यातला प्रत्येक शब्द वेगळ्या टप्प्याचा आहे. आणि नेत्याची प्रतिमा यातल्या ज्या टप्प्यांवर घडते, तिथे बहुतेक वेळा आपल्या हातात अजून काही पडलेलं नसतं.

बोलणी, सुपारी, याद्या, लग्न

आपल्याकडं लग्न एका क्षणात ठरत नाही. आधी बोलणी होतात. मग सुपारी फुटते. मग याद्या होतात: मानपान कुणाचा, मांडव कुणाचा, जेवणावळीचा खर्च कुणी उचलायचा, सगळं कागदावर उतरतं आणि दोन्हीकडची मोठी माणसं सह्या करतात. मग लग्न, आणि त्यानंतर नांदणं.

सरकारी निर्णयही याच वाटेनं जातो. ‘तत्त्वतः मान्यता’ म्हणजे बोलणी झाली, दोन्ही बाजूंना स्थळ पसंत आहे. मंत्रिमंडळाची मंजुरी म्हणजे सुपारी फुटली. जीआर, म्हणजे शासन निर्णय, या याद्या. कुणाला, किती, कुठल्या अटीवर, कुठल्या पैशातून हे त्यात लिहिलेलं असतं. पैसे खात्यात जमा होणं हे लग्न. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षीही योजना नीट चालणं हे नांदणं.

बोलणी झाल्याबरोबर पत्रिका वाटत सुटलेलं घर आपण पाहिलेलं नाही. राजकारणात मात्र बहुतेक पत्रिका बोलणीच्याच दिवशी वाटल्या जातात.

फाइल कुठून कुठे जाते

मंत्रालयात एखाद्या विषयाची फाइल (तिथल्या भाषेत ‘नस्ती’) खालून वर चढते. विभागातल्या सगळ्यात लहान घटकाला कार्यासन म्हणतात. तिथे सहायक कक्ष अधिकारी आणि कक्ष अधिकारी टिपणी लिहितात: विषय काय, आधीचे नियम काय सांगतात, खर्च किती, पर्याय कोणते. मग ती अवर सचिव, उपसचिव किंवा सहसचिव आणि सचिव अशी चढत मंत्र्यांपर्यंत पोहोचते. वाटेत कुणीही ‘चर्चा करावी’ असं लिहून ती थांबवू शकतो, आणि ती चर्चा होईपर्यंत फाइल तिथेच राहते.

पैशाचा प्रश्न असेल तर वित्त विभागाचा अभिप्राय घ्यावा लागतो, कायद्याचा गुंता असेल तर विधी व न्याय विभागाचा. विषय मोठा असेल तर मंत्रिमंडळापुढे जातो. कुठला विषय कुणाच्या सहीनं संपतो हे कार्यनियमावलीत ठरलेलं आहे, आणि ती नियमावली संविधानाच्या अनुच्छेद १६६ मधून येते.

वित्त विभागाचं काम घरात जमाखर्च सांभाळणाऱ्या माणसासारखं असतं. सगळे म्हणतात गाडी घेऊ, तो विचारतो हप्ता कुठून भरायचा. तो नेहमी बरोबरच असतो असं नाही. त्याचा विरोध डावलून निर्णय घेण्याचा अधिकार मंत्रिमंडळाला आहे, आणि लोकांनी निवडून दिलेल्या माणसांना तो असायलाच हवा. पण त्याचा आक्षेप कागदावर राहतो, आणि पुढे पैसे कमी पडले की तो कागद बाहेर येतो.

निवेदनावरचा शेरा

आता ज्या गोष्टीत सामान्य माणूस सगळ्यात जास्त फसतो, तिच्याकडे येतो.

गावाचा रस्ता, शाळेची खोली, पाण्याची टाकी, बदली, मदत. माणसं निवेदन घेऊन मंत्र्यांकडे जातात. साहेब ते वाचतात, समोरच पेन काढतात आणि वरच्या कोपऱ्यात काही लिहून सही करतात. निवेदन देतानाचा फोटो निघतो आणि संध्याकाळपर्यंत गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो: ‘साहेबांनी जागेवरच आदेश दिले, काम मार्गी लागले.’

त्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाचा. ‘तपासून सादर करावे’ असेल तर अर्थ एवढाच की विभागानं माहिती काढून फाइल बनवावी. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असेल तर नियमात बसत असेल तरच होईल, आणि नियमात बसत असतं तर बहुतेकांना मुंबईला यावंच लागलं नसतं. ‘तातडीने प्रस्ताव सादर करावा’ हा त्यातल्या त्यात जोरदार शेरा. पण तोही प्रस्ताव मागतो, काम मंजूर करत नाही.

फाइलवर मंत्र्यांनी स्पष्ट ‘मंजूर’ लिहिलं तरी ते पुरेसं नसतं. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पंजाबशेजारच्या पेप्सू या तेव्हाच्या वेगळ्या राज्यातल्या एका महसुली कर्मचाऱ्याचा खटला आला होता. त्याला बडतर्फ केलं होतं. त्यानं अपील केलं तेव्हा तिथल्या मंत्र्यांनी फाइलवर लिहिलं की बडतर्फी फार कडक होते, याला मूळच्या खालच्या पदावर घ्यावं. पण तसा आदेश निघालाच नाही. मधल्या काळात त्याचं राज्य पंजाबात विलीन झालं, फाइल नव्या मुख्यमंत्र्यांकडे गेली आणि त्यांनी बडतर्फीच कायम केली. न्यायालयानं सांगितलं की मंत्र्यांचा शेरा हा आदेश नव्हे. आदेश राज्यपालांच्या नावानं निघावा लागतो आणि संबंधित माणसाला कळवावा लागतो. तोवर फाइलवरचं मत बदलू शकतं.

म्हणून प्रत्येक जीआरच्या शेवटी ती ओळ असते: ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. आपल्याला ती सरकारी शिष्टाचारासारखी वाटते. पण ‘साहेब म्हणाले’ आणि ‘सरकारनं ठरवलं’ यांच्यामधली रेघ तीच आहे.

हे समजून घेताना मला त्या फोटोतल्या माणसांचं फार वाईट वाटतं. एसटीनं रात्रभर प्रवास करून, पास काढून, रांगेत उभं राहून ते तिथे पोहोचलेले असतात. त्यांना कुणी सांगत नाही की तुमचं काम आज सुरू झालं, संपलं नाही.

कॅमेरा कुठे असतो

प्रतिमा कशी घडते हे बघायचं तर २०१७ च्या कर्जमाफीच्या तारखा एका ओळीत मांडून बघा.

११ जूनला ‘तत्त्वतः’. २४ जूनला तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी घोषणा केली: ३४,०२२ कोटी रुपये, ८९ लाख शेतकरी. २८ जूनला जीआर. पावसाळी अधिवेशनात कर्जमाफीसाठी २०,००० कोटींची पुरवणी मागणी, म्हणजे अर्थसंकल्पात नसलेल्या खर्चासाठी विधिमंडळाकडे मागितलेले जादा पैसे. मग ऑनलाइन अर्ज. १८ ऑक्टोबरला, दिवाळीत, मुंबईत समारंभ करून निवडक शेतकऱ्यांना प्रमाणपत्रं. आणि त्यानंतर कित्येक महिने बँकांच्या याद्या आणि शेतकऱ्यांचे अर्ज यांची जुळवाजुळव.

यात कॅमेरे कुठे होते? २४ जूनला आणि १८ ऑक्टोबरला. मधल्या चार महिन्यांत आणि नंतरच्या महिन्यांत ज्यांच्या हातात सगळं होतं, त्या गावातल्या कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या सचिवाचा, बँकेतल्या लेखनिकाचा आणि संगणकासमोर बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा हात पुसणाऱ्या म्हातारीचा फोटो कुणी घेतला नाही.

आकड्यांचंही तसंच झालं. ३४,०२२ कोटी आणि ८९ लाख हे आकडे लोकांच्या डोक्यात पक्के बसले. प्रत्यक्ष लाभ मिळालेल्यांची संख्या आणि रक्कम दोन्ही त्याहून बरीच कमी राहिली. याचा अर्थ २४ जूनला कुणी खोटं बोललं असा मी काढत नाही. घोषणेतला आकडा वरची मर्यादा सांगतो: सगळे पात्र ठरले, सगळ्यांनी अर्ज केले, सगळी कागदपत्रं जुळली तर एवढं. जीआरमधली प्रत्येक अट त्यातून थोडं थोडं कमी करत जाते. कर्ज १ एप्रिल २०१२ नंतरचं हवं, ते ३० जून २०१६ ला थकीत हवं, मर्यादा दीड लाखाची, आयकर भरणारे बाहेर. यातल्या काही अटी पुढे सैल झाल्या, पण पहिल्या दिवशी त्याच होत्या.

दुसऱ्या पक्षाचं सरकार आलं तेव्हाही टप्पे हेच राहिले. उद्धव ठाकरे यांनी डिसेंबर २०१९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात दोन लाखांपर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा केली, २७ डिसेंबरला जीआर निघाला, २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी लागली. या खेपेला ऑनलाइन अर्ज भरायला लावला नाही, बँकांकडची माहिती आणि आधारची पडताळणी यावर काम चाललं. आधीच्या अनुभवातून शिकल्याचं ते लक्षण होतं, आणि माझ्या मते त्या योजनेतली सगळ्यात महत्त्वाची सुधारणा हीच होती. तिच्यावर मथळा मात्र क्वचितच झाला.

सावकाश सही करणारा नेता चांगला की वाईट?

याचं उत्तर बऱ्याचदा बघणाऱ्यावर ठरतं. पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना फाइल नीट वाचल्याशिवाय सही करत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. काही जण याला स्वच्छ कारभार म्हणत. २०१३ मध्ये त्यांच्याच आघाडीतल्या शरद पवारांनी जाहीरपणे विचारलं की सही करताना हाताला लकवा भरतो का. गोष्ट एकच, पण तिच्यातून दोन प्रतिमा तयार झाल्या, आणि पुढे मतदारांच्या मनात ‘लकवा’ हा शब्द जास्त राहिला, कारण तो एका शब्दात सांगता येतो.

उलट टोकाला मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले. १९८० ते १९८२ एवढ्याच काळात कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं, सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे झाले. झटपट निर्णयाचा माणूस अशी त्यांची आठवण कोकणात आजही निघते. त्याच कारकिर्दीत, सिमेंट वाटप आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं.

वेगावरून नेता जोखू नये असं मला यातून वाटतं. कुठल्या फाइलवर वेग आणि कुठल्या फाइलवर खोळंबा, ते बघावं.

योजना कुणाच्या नावाची

शहरातल्या प्रत्येक चौकात दिसणाऱ्या फलकांबद्दल थोडक्यात. पक्षाच्या किंवा कार्यकर्त्यांच्या पैशातून लागलेला फलक वेगळा आणि सरकारी खर्चाची जाहिरात वेगळी. सरकारी जाहिरातीत कुणाचा फोटो चालेल यावर सर्वोच्च न्यायालयानं मे २०१५ मध्ये बंधन घातलं: राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश, बाकी कुणी नाही. राज्यांनी फेरविचार मागितला आणि मार्च २०१६ मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री आणि संबंधित मंत्र्यांच्या फोटोंनाही परवानगी मिळाली. आज जाहिरातीत जे चेहरे दिसतात ते त्या दुसऱ्या आदेशामुळे.

नावांचं राजकारण याहून जुनं आहे. १९९७ ची ‘जीवनदायी’ योजना २०१२ मध्ये मोठ्या स्वरूपात ‘राजीव गांधी जीवनदायी’ म्हणून आली आणि २०१७ मध्ये ‘महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना’ झाली. पेशंटच्या नातेवाइकाला विचारायचं असतं ते वेगळंच: या दवाखान्यात चालते का, हे ऑपरेशन बसतं का, मर्यादा किती. मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं २०२३ मध्ये घेतला, तो प्रत्यक्ष लागू झाला १ जुलै २०२४ ला. मधल्या वर्षभरात ‘पाच लाख झालेत ना आता?’ असं विचारत काउंटरवर उभ्या राहिलेल्या माणसांना काय उत्तर मिळालं असेल याचा विचार घोषणा करणाऱ्यांनी करायला हवा.

म्हणजे प्रतिमेची काळजी वाईटच का?

नाही. आपली प्रतिमा बिघडेल या भीतीनं सरकार कधी कधी फार लवकर शहाणं होतं.

लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात जाहीर झाली, जीआरही त्याच दिवसाचा. महिना १,५०० रुपये, वय २१ ते ६०, वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. दाखल्यांसाठी तहसील आणि तलाठी कार्यालयांपुढे रांगा लागल्या आणि त्या टीव्हीवर दिसल्या. निवडणूक चार-पाच महिन्यांवर होती. ३ जुलैला सुधारित जीआर निघाला: वय ६५ पर्यंत, पाच एकर जमिनीची अट गेली, अधिवासाच्या दाखल्याऐवजी जुनं रेशन कार्ड किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल, अर्जाची मुदत १५ जुलैऐवजी ३१ ऑगस्ट. पाच दिवसांत एवढी दुरुस्ती एरवी कुठल्या योजनेत होते? रांगेतल्या बायकांचे चेहरे दिसले म्हणून ती झाली.

याची दुसरी बाजूही खरी आहे. जे दिसत नाही, ते दुरुस्त होत नाही. दुर्गम पाड्यावरच्या आश्रमशाळेतली अडचण कॅमेऱ्यासमोर येत नाही, म्हणून तिची फाइल पुन्हा उघडत नाही.

मग सगळं अधिकारीच ठरवतात, नेता नावापुरता?

असं मानणं सोपं आहे, पण चूक आहे. फाइल कार्यासनातून वर चढते, तरी कुठली फाइल सुरू व्हावी हे बऱ्याचदा एखाद्या माणसाच्या ध्यासातून ठरतं. वि. स. पागे यांचं उदाहरण मला सगळ्यात मोठं वाटतं. ते विधान परिषदेचे सभापती होते. गावात जो काम मागेल त्याला सरकारनं काम द्यायचं, ही त्यांची कल्पना. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उपयोगी पडली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पहिल्या प्रयोगापासून कायदा लागू होईपर्यंत तब्बल चौदा वर्षं.

यात एक गोष्ट अशी होती जी आजच्या घोषणांमध्ये क्वचित सापडते. पैसे कुठून आणायचे हे त्या काळातल्या सरकारनं लोकांना तोंडावर सांगितलं. शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला, गावातल्या मजुरीसाठी. तुमच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ना, तो हा कर. शहरातल्या माणसाला न आवडणारा निर्णय होता. तरीही सगळ्या पक्षांनी तो पेलला, आणि २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव पाठीशी होता. पागे यांचा फलक आज कुठल्या चौकात दिसत नाही.

जीआर वाचायला वकील लागत नाही

शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकली की जीआर मिळतो. वर विषय असतो, मग ‘प्रस्तावना’. ती वाचली नाही तरी चालते, तिथे बहुधा योजनेचं महत्त्वच सांगितलेलं असतं. ‘शासन निर्णय’ या मथळ्याखाली खरं सुरू होतं. तिथे तीन जागा शोधायच्या. पहिली, पात्रता आणि अपात्रता, त्यातही तारखा. दुसरी, ‘लेखाशीर्ष’, म्हणजे पैसे सरकारच्या कुठल्या खात्यातून जाणार, आणि वित्त विभागाच्या सहमतीचा उल्लेख. तिसरी, अर्ज कुणी तपासायचे आणि तक्रार कुणाकडे करायची. लेखाशीर्षच नसेल तर समजावं की याद्या अजून अपुऱ्या आहेत. आणि त्याच विषयाचं नंतर निघालेलं शुद्धिपत्रक किंवा सुधारित जीआर आहे का ते जरूर पाहावं, कारण खरी अट बहुतेकदा तिथे बदललेली असते.

२८ जून २०१७ चा जीआर मी मामांना फोनवर वाचून दाखवला. ‘थकीत’ या शब्दापाशी ते थांबले. २०१६ च्या मार्चमध्ये त्यांनी मेव्हण्याकडून हातउसने घेऊन सोसायटीचं नवंजुनं केलं होतं, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचललं होतं. त्यामुळे ३० जूनला ते थकबाकीदार नव्हते. कर्जमाफीत बसत नव्हते. नियमित भरणाऱ्यांसाठी परतफेडीच्या २५ टक्के, जास्तीत जास्त २५,००० रुपये प्रोत्साहन होतं, तेवढ्याचा अर्ज त्यांनी केला. ते पान त्यांनी माझ्याकडून छापून मागवलं आणि पासबुकात घडी करून ठेवलं.

डिसेंबर २०१९ मध्ये नागपुरातून घोषणा झाली, त्या संध्याकाळी पुन्हा त्यांचा फोन आला. या वेळी सरसकट आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. “जीआर निघाला का?” म्हणाले. “निघाला की आधी बघ, कुठल्या तारखेचं थकीत धरलंय.”

सहा दिवसांनी निघाला. तारीख होती ३० सप्टेंबर २०१९.